जरा नरमच आहे

२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून करत नाही, कारण कंबर वाकत नाही. का वाकत नाही ते सांगायलाच हे पत्र.

गाडी घेतली. हो, घेतली. "मला दाखवल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नकोस" असं तू बजावलं होतंस ते आठवतंय मला, उगाच भुवया चढवू नकोस. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची होती. एसयूव्ही आहे, उंच, थोराड, रंग ओल्या पाटीसारखा. बाईंनी घर ते दवाखाना एवढीच चालवलेली, त्यामुळे आतून अगदी कोरी करकरीत. सीटला अजून लवंगेच्या तेलाचा वास येतो. मी भाळले, आणि भाळल्यावर कोण कशाला खालून वाकून बघतंय?

काम वाढलंय ना आता. दुकानातले छोटे काटे दुरुस्त करत होते तोवर स्कूटर पुरत होती. आता गोदामांचे आणि गिरण्यांचे मोठे वजनकाटे मिळायला लागलेत. ते तपासायचे म्हणजे खरी वजनं बरोबर न्यावी लागतात. बिडाची, कड्या असलेली, एकेक उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ती सगळी मागे रचली की गाडी मागून अशी बसते की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. वळणावर ही बया पूर्ण अंगाने कलते. गतिरोधक ओलांडला की पुढे कितीतरी वेळ मान डोलावत राहते, जणू मी काही बोलले आणि तिला ते पटलं. फारच नरम आहे रे. आई एकदाच बसली. उतरल्यावर बोनेटला हात जोडले आणि म्हणाली, "बोटबाई, तुम्ही समुद्रात जा."

तर मामा, हिला कडक कशी करायची ते सांग. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे पाटे बसवलेस, एवढं भाचीसाठी कर. पाटेवाल्याची भाची काटेवाली, निदान यमकाची तरी लाज राख.

फोनच करणार होते. पण घणाच्या आवाजाने तुझे कान गेलेत आणि तू यंत्र लावत नाहीस. मागच्या वेळी मी विचारलं "तब्येत कशी आहे", तर तू म्हणालास "मंगळवारी बंद असतं." तेव्हा पत्रच बरं.

आणि खरं सांगू? एवढी मोठी गाडी घ्यायचं दुसरं कारण तूच आहेस. तुझी ऐरण, तो घण, ती कुलूप न लागणारी लोखंडी पेटी, सगळं मावतं तिच्यात. मी मापून बघितलंय. समोरची खोली रिकामी आहे, आईने पडदेसुद्धा धुतलेत. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी या घरात एकमेकींवर आपटतोय. काल पंख्याच्या बटणावरून अबोला झाला. परवा कशावरून झाला होता ते दोघींनाही आठवत नाही. ये ना रे.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

कंबर मोडलेल्या भाचीला मामाचे आशीर्वाद. गाडी न बघता घेणाऱ्या भाचीला एक रट्टा. दोन्ही पोचले असं समज.

कडक करायची म्हणजे काय गं? चहा आहे का तो? जो येतो तो म्हणतो, कडक करून द्या. माझ्या दुकानात हा शब्द उच्चारला की मी हातातलं खाली ठेवायचो आणि आधी विचारायचो, गाडीत बसतं कोण, ठेवता काय, आणि कुठे ठेवता. तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय पान्याला हात लावायचो नाही. म्हणून मी श्रीमंत झालो नाही, पण माझ्या हातची गाडी परत आली नाही.

आता नीट वाच. नरम म्हणतेस, पण त्यात दोन आजार असतात. पाटा ओझं उचलतो. शॉकअप हेलकावा थांबवतो. पाटा थकला की गाडी बसते, शॉकअप मेला की गाडी डोलते. तुझी बसतेही आहे आणि डोलतेही आहे, म्हणजे बहुतेक दोन्ही. पण अंदाजाने औषध द्यायचं नाही. एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोड. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत आहे. परत परत नाचली तर गेला. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत अंतर मोज, आधी रिकामी आणि मग वजनं ठेवून. आणि खाली झोपून मागचे पाटे बघ. त्या पोलादी पट्ट्या एकावर एक असतात आणि त्यांना कमान असते. कमान आहे का सपाट झाली ते कळव. चाकात हवा किती आहे तेही बघ, निम्मे आजार तिथेच असतात.

माझी म्हातारी (ताईला सांग, गाडी गं, बाई नव्हे) अजून एका किल्लीत सुरू होते. न्यायला कुणी नाही तरी मी तिला रोज सुरू करतो. खालचा टायरवाला म्हणतो, काका, विकून टाका. मी म्हणतो, तुझा धंदा बघ.

येण्याबद्दल. पडदे धुतलेत ते ताईला स्वच्छतेची आवड आहे म्हणून, असं मी धरून चालतो. माझी खोली चांगली आहे. जिना चढलो की माझं राज्य. मी उभ्या जन्मात कुणाचं ओझं झालो नाही आणि आता या वयात नव्याने शिकायची इच्छा नाही. विषय बंद.

तुझा,
मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

विषय बंद झालेला नाही, फक्त बाजूला ठेवलाय. आधी गाडी.

सांगितलंस तसं सगळं केलं. चारही कोपरे दाबले, गाडी नाचतच राहिली. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "काय झालं, गाडीला उचकी लागली का?" म्हणजे शॉकअप गेले. हवा कमी होती, ती भरली. अंतर मोजलं. वजनं ठेवल्यावर मागची बाजू चांगली वीतभर खाली येते.

मग मला वाटलं, माणसांचंही ओझं धरायला हवं, तू विचारलं होतंस ना कोण बसतं. आईला म्हटलं, मागे बस आणि वजन सांग. मामा, दिवसभर दुसऱ्यांचे काटे खरे करणाऱ्या बाईची आई स्वतःचं वजन सांगायला तयार नाही. म्हणाली, "मध्यम लिही." मी म्हटलं मध्यम हे माप नाही. तर म्हणाली, "मग लिहूच नकोस." शेवटी तिला न सांगता तिच्याइतकी वजनं अंदाजाने मागच्या सीटवर ठेवली. तिने येऊन बघितलं, मोजलं, आणि म्हणाली, "एवढी?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये. या आठवड्यातला तिसरा अबोला.

गाडीखाली झोपले. पाटे अगदी सपाट आहेत, कमान नावालासुद्धा नाही. वजनं ठेवली की उलटे वाकतात. इथला एक फिटर आहे, गोरा, उंच, शीळ घालत काम करतो. तो म्हणतो, ताई, मध्ये रबराचे ठोकळे घालू, अर्ध्या तासात गाडी दगडासारखी कडक. मी म्हटलं, मामाला विचारते. तर म्हणतो, मामा काय करतात? मी म्हटलं, मामा चिडतात.

लवकर लिही. पुढच्या आठवड्यात घाटापलीकडची गिरणी आहे आणि मला त्या वळणांची भीती वाटते. खरंच वाटते. रिकाम्या रस्त्यावर हसायला ठीक आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. आई म्हणते, खोलीत नवीन गादी टाकलीये आणि ती पाहुण्यांसाठी आहे. आपल्याकडे पाहुणे कधी येतात रे?


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

त्या शीळवाल्याला सांग, मामा फार चिडले. रबराचे ठोकळे! पाट्याने वाकायचं असतं, म्हणून तर तो पाटा. मध्ये ठोकळा घातला की तो वाकायचं सोडतो आणि एक दिवस बरोबर मधोमध मोडतो, तोही घाटात, तोही तुझ्याबरोबर. त्याच्या हातात पाना देण्याआधी हे पत्र दे.

काय करायचं ते सांगतो. चारही शॉकअप नवे टाक. एक बाजू नवी आणि एक जुनी असं करू नकोस, गाडी लंगडते. मागचे पाटे उतरवून भट्टीत तापवून पुन्हा कमान द्यायला लाव, आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा पट्टी. एकच. तो म्हणेल, ताई दोन घाला, जन्मभर बघायला नको. नाही म्हण. घट्ट नाही म्हण. वळणावर कलते त्यासाठी खालच्या आडव्या दांडीचे रबरी बुश बदल, ते चघळलेल्या खोडरबरासारखे झाले असतील.

आणि घाटापलीकडची गिरणी पुढे ढकल. काटा आठ दिवस चुकीचा राहिला तर जग बुडत नाही.

एक गोष्ट मात्र मनात ठेव, कारण ती फिटर सांगणार नाही. ओझ्यासाठी कडक केलेली गाडी रिकामी नेलीस की आपटते. रस्त्यातला खडान् खडा तुझ्या पाठीला सांगते. तीच गाडी ओझं घेऊन जाऊ दे, पोटातलं पाणी हलणार नाही. पाट्याला दाबायला काहीतरी लागतं गं. नाहीतर तो काम करत नाही, नुसता ताठून बसतो. तेव्हा गाडी कडक करायची नसते, ओझ्याच्या जोडीची करायची असते.

इकडे म्हातारी व्यवस्थित. गेल्या महिन्यापासून जरा नरमच आहे. चढाला धाप लागते, मध्येच बंद पडेल असं वाटतं. जाणकाराला दाखवलं, तो म्हणतो उघडावंच लागेल. इतक्या वर्षांनी उघडायचं म्हणजे आतून काय काय निघेल कोण जाणे. बघू.

ताईला म्हणावं, मध्यम हे उत्तम माप आहे, मीही तेच सांगतो.

मामा


१५ मार्च

प्रिय मामा,

झाली! झाली, झाली, झाली!

शीळवाल्याला तुझं पत्र दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, शीळ थांबली. मग म्हणाला, "यांच्या हाताखाली कुणी शिकलंय का?" मी म्हटलं, शिकायला आलेले सगळे पळाले. तुझा एक शब्दसुद्धा त्याने बदलला नाही. दोन जादा पट्ट्यांचं मात्र विचारलंच त्याने, आणि मी घट्ट नाही म्हटलं.

काल घाट केला, वजनांसकट. मामा, काय सांगू! वळणावर गाडी माझ्याबरोबर वळली. गतिरोधकावर एकदा खाली, एकदा वर, संपलं. मी एकटी गाडीत मोठ्याने हसले. गिरणीवाल्याने विचारलं, बाई, आज काटा न बघताच खूश? तू जवळ असतास तर तुझ्या गळ्यात पडले असते आणि तू "ग्रीस लागेल, ग्रीस लागेल" म्हणत मागे सरकला असतास.

आणि तू म्हणालास ते शंभर टक्के खरं. रविवारी आईला घेऊन रिकामी नेली, तर ठण् ठण् ठण्. आईने दोन्ही हातांनी वरची कडी धरली होती. "आधी बोट होती, आता बैलगाडी केलीस," म्हणाली. पण उतरल्यावर हात जोडले नाहीत, त्यामुळे प्रगती आहे. आता तिला नेते तेव्हा मागे चार वजनं ठेवते आणि ती विचारते, "हे माझ्याबद्दल तर नाही ना?"

आता तुझ्या म्हातारीबद्दल. मामा, ऐक माझं, मुळीच उघडू नकोस! चढाला धाप लागते, मध्येच बंद पडते, मग ठेवायची कशाला? एकदा उघडलेलं पुन्हा जसंच्या तसं बसत नाही, हे तूच म्हणायचास ना? तिचं आयुष्य झालं, भरपूर झालं. भंगारवाल्याला बोलाव आणि देऊन टाक. थोडे दिवस वाईट वाटेल, मग विसरशील. जीव कशाला अडकवायचा जुन्या लोखंडात? माझ्या गाडीत बसून इकडे ये म्हणजे गाडीच लागणार नाही.

तुझी,
घाटविजयी भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरीस,

घाटविजयाबद्दल पाठ थोपटली. जोरात नाही, कंबर आठवली.

तुझा सल्ला वाचला. दोनदा वाचला आणि इतका हसलो की टायरवाला जिना चढून बघायला आला. त्यालाही वाचून दाखवलं. तो मात्र हसला नाही, त्याला विनोद कळत नाही.

भंगारवाल्याकडे चौकशी केली, तो घ्यायला तयार नाही. तेव्हा उघडायचंच ठरवलंय. जाणकार माणूस हुशार दिसतो, हात स्थिर आहेत, ते मी आधी बघितले. काही दिवस पत्र आलं नाही तर काळजी करू नये, एकदा उघडलं की लगेच हातात पेन धरता येत नाही.

सोबत पार्सल आहे. माझी छोटी हातोडी. नट घट्ट आहे का ते आवाजावरून कळतं. हलकेच ठोक. घट्ट असेल तर टणक वाजतो, सैल असेल तर फुटका. माझ्या कानांना आता दोन्ही सारखेच. तुझे चांगले आहेत, तुझ्याकडे असू दे. दांडा मी पुन्हा बसवलाय.

ताईशी भांडू नकोस. म्हणजे भांड, पण जेवायच्या आधी मिटवत जा. लहानपणी ती माझ्याशी तसंच करायची.

खूप आशीर्वाद. नेहमीपेक्षा जास्त.

मामा


७ एप्रिल, तुझ्या वॉर्डाबाहेरचा बाक

मामा,

तू आत झोपला आहेस. नर्सने मला काचेतून दाखवलं आणि म्हणाली, आता उठवायचं नाही. म्हणून हे लिहून तिच्याकडे ठेवतेय. तू उठल्यावर वाच आणि नीट लाज वाटून घे.

मी दौऱ्यावर होते, पार्सल आईने घेतलं आणि माझ्यासाठी ठेवून दिलं. काल घरी आले, उघडलं, हातोडी बाहेर काढली आणि आईच्या चेहऱ्याचा रंगच गेला. "ही दिली? ही तो मला हातात धरू देत नव्हता." मग तिने तुझी सगळी पत्रं मागितली. चष्मा लावला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून वाचायला लागली. फेब्रुवारीच्या शेवटच्या पत्राशी थांबली. म्हणाली, "भिंगरे, 'म्हातारी व्यवस्थित' इथे पूर्णविराम आहे."

मी म्हटलं, मग?

"मग पुढचं म्हातारीबद्दल नाही."

मामा, मी ते वाक्य परत वाचलं, मोठ्याने. गेल्या महिन्यापासून जरा नरमच आहे. गाडीच्या नादात दोन महिने मी नरम, नरम, नरम एवढंच म्हणत होते आणि माणूससुद्धा नरम असतो हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. आणि ते "आहे"! ती आहे, मी आहे, सगळ्यांना एकच. एक "मी" लिहायला तुझी शाई संपली होती का रे?

मी तुला लिहिलं, भंगारवाल्याला देऊन टाक. तिचं आयुष्य झालं. मी लिहिलं ते. तुझ्या छातीत ब्लेड जायच्या आधी तू ते वाचलंस. टायरवाल्याला फोन केला तर तो रडायलाच लागला. म्हणाला, "काकांनी शपथ घातली होती, नाहीतर मी तेव्हाच कळवणार होतो. परवा ऑपरेशन झालं, नीट झालं." नीट झालं हे आधी सांगायचं असतं हेही त्या बिचाऱ्याला सुचलं नाही.

मी रागावले आहे. खूप. आई तर रागावून आणि रडून दोन्ही करून झाली, आता सूप करतेय, ते उद्या घेऊन येते. पण आत्ता तुला काचेतून बघितलं. तोंडावर नळी, आणि झोपेतसुद्धा कपाळाला आठी. मला इतकं बरं वाटलं ती आठी बघून.

लवकर बरा हो. मग भांडू.

तुझी,
भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरे,

मी ठीक आहे. (बघ, "मी" लिहिलं.)

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. सूप अळणी होतं, ताईला सांगू नकोस, ती समोर बसून बघत होती म्हणून सगळं प्यालो.

आधी एक काम. तुझं ते भंगारवालं पत्र मला आत न्यायच्या आधी मी पुन्हा मागून घेतलं आणि वाचलं. सगळे असतात तसा मीही घाबरलेला होतो. ते वाचून हसत आत गेलो. तेव्हा त्याबद्दल पुन्हा काही लिहायचं नाही, डोळेही पुसायचे नाहीत. तू गाडी समजलीस हे मला पहिल्या ओळीत कळलं होतं. मीच ते तसं राहू दिलं, सोपं वाटलं मला. सांगितलं असतं तर ताई धावत आली असती आणि तिच्यासमोर मला घाबरता आलं नसतं. ती मला लहानपणापासून भित्रा म्हणते.

पुढचं. डॉक्टर शनिवारी सोडणार. जिना चढायला बंदी आहे. टायरवाला म्हणतो, खाली टायरांच्या मागे खाट टाकतो. चांगला मुलगा आहे, रबराचा वास मला आवडतो. मी तिकडे जाईन.

तुमच्याकडे येत नाही. ताईने काल दिवसभर विषय काढला, मी ऐकू येत नाही म्हणून सांगितलं. तुला खरं कारण लिहितो. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलंय. खोकलो तरी उशी छातीशी धरावी लागते. तुमचं घर लांब, आणि तुझी गाडी मीच कडक करवली. एक खड्डा आला की मी सुटा होईन. माझं काम मलाच नडलं, दुसरं काय.

आणि समजा पोचलो. मग काय? पथ्य तुम्ही करायचं, औषधं तुम्ही द्यायची, हाताला धरून तुम्ही न्यायचं. तू कामाची बाई, ताईचं वय झालं. मी सांगितलं होतं तुला, मी कुणाचं ओझं होणार नाही. अजून तेच सांगतो.

मामा


१४ एप्रिल

प्रिय मामा,

शनिवारी सकाळी येतेय. टायरवाल्याला खाट टाकू नको म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, "मी टाकलीच नव्हती, ताई. काकांना बरं वाटावं म्हणून हो म्हटलं."

खड्ड्यांचं ऐक. गाडी रिकामी येणार नाही. बिडाची सगळी वजनं मागे रचून येतेय, दोन्ही बाजूंना सारखी, पट्ट्याने आवळून. काल एक मोठी उशी छातीशी धरून आईला तुझ्या जागी बसवलं आणि पूर्ण रस्ता करून बघितला. लागेल तिथे "आई गं" म्हण, असं तिला सांगितलं होतं. वाटेत एकदाच म्हणाली, तेही एका दुकानात साडी दिसली म्हणून. चाकातली हवा किंचित उतरवलीय, शीळवाल्याला विचारून. तूच लिहिलं होतंस ना, तीच गाडी ओझं घेऊन जाऊ दे, पोटातलं पाणी हलणार नाही. तुझं पत्र आहे माझ्याकडे, नाही म्हणून दाखव.

आता ओझ्याचं. तू ओझं होणार आहेस, मामा. मी खोटं बोलणार नाही, काटेवाली आहे मी. पथ्य आहे, औषधं आहेत, तुझा तिरसटपणा आहे, ऐरण कुठे ठेवायची हे भांडण आहे. भरपूर वजन आहे तुझं. मध्यम अजिबात नाही.

पण बाबा गेल्यापासून हे घर रिकामं पळतंय रे. मी आणि आई दोघी ताठ, आणि खडान् खडा एकमेकींना लागतो. पंख्याचं बटण, भांड्याची जागा, काहीही. तू हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून आमचा एकदाही अबोला झालेला नाही. वेळच नाही. ती तुझी उशी शिवते आणि मी तुझ्या खोलीची कडी बसवते. काल रात्री जेवताना ती म्हणाली, "आपण दोघी किती नीट वागतोय, नाही?" आणि मग आम्ही दोघीही रडलो.

पाट्याला दाबायला काहीतरी लागतं. आम्हाला तू लागतोस. ये.

आणि आईचा निरोप: "भित्र्या, चुपचाप गाडीत बस."

तुझी,
भिंगरी


२३ एप्रिल, समोरची खोली

चि. भिंगरीस,

तू कामावर गेलीस, ताई जरा लवंडली आहे, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतो. बोलून सांगायला गेलो तर तू ओरडून उत्तर देशील आणि ताई उठेल. यंत्र आणायचं म्हणत होतीस, तर आण. ताईची बडबड ऐकू येत नाही हे पहिल्या दिवशी बरं वाटलं, आता काहीतरी चुकतंय असं वाटतं.

शनिवारचं सांगायचं राहिलं. रस्ताभर मी डोळे मिटून होतो आणि तू ताईला हळूच म्हणालीस, झोपला वाटतं. झोपलो नव्हतो. गाडी ऐकत होतो. कानांनी नाही, पाठीने, तेवढं अजून येतं मला. पुलाचा जोड गेला, तो कळला पण लागला नाही. रेल्वेचे रूळ आले तेव्हा तू इतकी हळू झालीस की मागचा ट्रकवाला कावला आणि तू काच खाली करून त्याला जे बोललीस तेही मला थोडं ऐकू आलं. उशी मी छातीशी धरली होती, पण आवळावी लागली नाही. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या केल्या आणि त्यांना पाठवून दिल्या. माझ्या सांगण्यावरून झालेल्या गाडीत मीच मागे बसून कुठेतरी जाईन असं मला कधी वाटलं नव्हतं. डोळे मिटले होते ते त्यासाठी. तुम्ही दोघींनी बघायला नको म्हणून.

डाव्या बाजूचा, पाटा आवळून धरणारा यू-बोल्ट थोडा सैल आहे. हातोडी घे आणि ठोकून बघ, फुटका वाजेल. त्या शीळवाल्याला इकडे पाठव, मी खिडकीतून सांगेन. त्याने खाली मांडी घालून बसावं आणि शीळ घालू नये.

पंख्याच्या बटणाचं भांडण मी सोडवलंय. आता पंखा मी सांगेन तेव्हा लागेल आणि मी सांगेन तेव्हा बंद होईल. दोघींनी एकत्र येऊन माझ्याशी भांडा.

रविवारी ताईला फिरायला न्यायचं म्हणते आहेस, तर त्या दिवशी बिडाची वजनं उतरवून ठेव. मागे मी बसेन.

मामा